कोपऱ्यातली सही

माझी आत्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत कामाला होती. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, भिंतभर लाकडी खण आणि खणांत जाड कार्डं. एक शब्द, एक कार्ड. अर्थ लिहील त्यानं कोपऱ्यात सही करायची. मग ते कार्ड त्याच्याशिवाय कुणी बदलायचं नाही, आणि चूक निघाली तर जाबही त्यालाच. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे. डिंकाचा तो वास आठवला की अजून जीव हळवा होतो.

शिवराळ शब्दांचा खण फक्त पुरुषांनी उघडायचा, असा दंडक होता. कुणी घातला, देव जाणे! पण त्या खणाचे गृहस्थ आजारी पडले आणि इंग्रजीत शिरलेल्या 'कोहोनेस'चं कार्ड आत्याच्या टेबलावर आलं. चार दिवस कात्रणं चाळून तिनं लिहिलं: 'मूळ स्पॅनिश, असभ्य: वृषण. इंग्रजीत: छाती, धमक. चारचौघांत जपून.' कोपऱ्यात सही ठोकली.

संपादकांना सगळे पाठीमागे 'कात्री' म्हणत. आत्या सोळा वर्षं हंगामीच होती आणि तिला कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर पडून होता.

"बाई, हे शोभत नाही. नुसतं 'धैर्य' ठेवा," ते म्हणाले. "तुम्ही कार्ड बदला, मी कागद पुढे पाठवतो."

"साहेब, उद्या एखादी पोर धैर्य समजून भर सभेत हा शब्द बोलली, तर फजिती तिची आणि पाप माझ्या माथी."

घरी बाबा भडकले. "एका शिवीपायी स्वतःच्या पोटावर पाय मारून घेतेस, ताई?"

आत्यानं कार्ड बदललं नाही. अर्थ जसाच्या तसा छापला गेला. कायमची नोकरी मात्र कालपरवा आलेल्या एकाला मिळाली. त्या कात्रीचा मला आजही राग येतो.

पेन्शन नव्हती, म्हणून आत्या थकल्यावरही शिकवण्या करायची. एकदा न राहवून मी विचारलं, "आत्या, पश्चात्ताप होतो का गं?"

"होतो की! दर एक तारखेला होतो," ती म्हणाली. "पण खोटा अर्थ लिहिला असता ना, तर उरलेले एकोणतीस दिवसही झाला असता."