लुगड्यांखालचा कागद

हे मी नवऱ्याजवळ बोलले नाही, बहिणीजवळही नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

फाळणीनंतर गोंदियात सिंधी कुटुंबं आली. बाजारात दुकानं मांडली, पण रेल्वेची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, इंग्रजीत. स्वतःचाच माल सोडवायला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं? मी मॅट्रिक. तांदळाच्या गोदामामागे दुपारचा वर्ग काढला. भाजीवाली विचारायची, "बाई, एवढ्या मोठ्या मानसायले कायले शिकवून राहिल्या?" मी वांगी पिशवीत टाकून हसायची. दिवस झकास होते — इंजिनांच्या शिट्ट्या, धानाच्या गाड्यांची गर्दी आणि भरलेला वर्ग. रीत एकच: ज्यानं आपली बिल्टी स्वतः वाचून माल सोडवला, त्यानं सगळ्यांना जिलेबी द्यायची. आमचे हात सदा चिकट.

देवीबाई तिथंच आली. शिकायला नाही — काम मागायला. काम नव्हतं; मी तिला वर्गात बसायला जागा दिली. कराचीच्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची. माझ्यापेक्षा चांगलं? हो. पुष्कळच. एकदा तिला फळ्यापाशी उभं केलं, तर दहा मिनिटांत वर्ग माझ्याकडे बघेना.

पुढे मुलींच्या शाळेत इंग्रजीची जागा निघाली. मोठ्या बाई माझ्या ओळखीच्या. देवीबाईनं आपलं सर्टिफिकेट माझ्या हाती दिलं. "दीदी, संभाल के. जहाज में छाती से लगा के लाई हूँ."

मी ते नेलं — कुठे? घरी. पेटीत, लुगड्यांखाली. चार दिवसांनी तिला सांगितलं, बाई नाही म्हणाल्या, कागद शाळेतच हरवला. स्वतः जाऊन भेटू का, तिनं विचारलं. मी म्हटलं, नको, त्या चिडतील. जागा मी घेतली. ती पापड लाटायला लागली.

पाच वर्षं लाटले. मग पापड वाळायच्या त्याच ओसरीवर, कुठल्याही कागदाशिवाय, तिनं वर्ग उघडला. आज माझ्याच शाळेच्या मुली संध्याकाळी तिथं धावतात. यंदा मॅट्रिकला शाळेत इंग्रजीत पहिली आली, ती तिच्याच वर्गातली. सिंधी बाजारात बाजा वाजला. अख्खी गल्ली ओसरीवर लोटली, आणि खरं सांगते, गर्दीत टाळ्या वाजवताना माझीही छाती फुगली.

मग ती पुडा घेऊन माझ्या दारी आली. आमच्या वर्गाची रीत ती विसरली नव्हती.

"पहली जिलेबी दीदी की. बैठने को जगह आपने दी थी."

मी खाल्ली. गरम होती, चांगली होती.

कागद अजून पेटीत आहे.