बोलणाऱ्यात दोष

रुग्णवाहिका खात्यातल्या वायरलेस मेकॅनिकला सगळे कानसेन म्हणत. हातातला वॉकीटॉकी असो की गाडीतला सेट, नुसती खरखर ऐकून तो सांगायचा, "बॅटरी बसलीय," नाहीतर "एरियल सैल झालाय, पिळून घ्या." बहुतेक वेळा तेच निघायचं. हे टोपणनाव त्याला मनातून आवडायचं. नव्या माणसाने खरं नाव विचारलं तरी तो म्हणे, "कानसेनच म्हणा. खऱ्या नावाने हाक मारली तर मलाच कळत नाही."

त्याच्याकडे सगळ्यात जास्त खेपा व्हायच्या त्या ताईंच्या. ताई म्हणजे खात्यातली एकुलती एक बाई ड्रायव्हर. तक्रार नेहमी एकच.

"मला कंट्रोल रूमचं ऐकू येतं. माझं त्यांना पोचत नाही. अर्धा शब्द जातो आणि मग घों घों."

कानसेन हातातलं काम ठेवून शेडमध्ये यायचा. शेड अरुंद आणि तापलेली. तो ताईंच्या गाडीचं दार सताड उघडायचा, एक पाय बाहेर जमिनीवर ठेवून सीटवर टेकायचा आणि माईकचं बटण दाबायचा. "कंट्रोल, आवाज कसा येतोय?" "खणखणीत!" उत्तर यायचं. एकदा त्याने माईक बदलून पाहिला, एकदा सेट उतरवून टेबलावर मीटर लावून पाहिला. सगळं ठाकठीक.

"ताई, सेटला काही झालेलं नाही. तुम्ही बटण दाबायच्या आधीच बोलायला लागता."

"नाही हो. दाबून, थांबून बोलते."

"मग सेट काय तुमच्यावर रुसलाय?"

पुढच्या महिन्यात ड्रायव्हर लोकांची बैठक होती. वायरलेस कसा वापरायचा हे कानसेनने समजावून सांगायचं होतं. बटण दाबा, श्वास घ्या, मग बोला. माईक तोंडापासून चार बोटं लांब धरा. सांगता सांगता त्याला रंग चढला. त्याने टेबलावरचा डस्टर माईकसारखा धरला, आवाज बारीक केला आणि घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "हॅलो... ऐकू येतंय का हो... अगंबाई, बटण दाबायचं राहिलंच!"

सगळी खोली हसली. सुपरवायझरसुद्धा. ताईंनी हसण्याचा प्रयत्न केला, पण तो ओठांपर्यंत येऊन थांबला. त्या खाली बघून ओढणीचं टोक सरळ करत राहिल्या.

त्यानंतर काही दिवसांनी ताई एका म्हाताऱ्या पेशंटला घेऊन येत होत्या. त्याला धाप लागली होती. त्यांनी वाटेत पुन्हा पुन्हा ऑक्सिजन तयार ठेवायला सांगितलं, पण कंट्रोल रूमला एक अक्षर ऐकू आलं नाही. हॉस्पिटलच्या दारात कोणीच नव्हतं. धावपळ होऊन म्हातारा वाचला, पण त्याच्या मुलाने सगळ्यांदेखत ताईंना नको नको ते ऐकवलं. चौकशीला सुपरवायझरने कानसेनला बोलावून विचारलं, "सेटमध्ये दोष आहे का?"

"सेटमध्ये नाही," कानसेन म्हणाला. "बोलणाऱ्यात आहे."

ताईंना गाडीवरून काढून स्टोअरच्या खिडकीवर बसवलं. त्यांची गाडी दादांकडे गेली. दादा खात्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर, कोणाचंही उणंदुणं तोंडावर सांगणारे. आठवडा सरला नाही तोच ते कानसेनच्या दारात उभे राहिले.

"ही गाडी मुकी आहे रे. माझं कंट्रोलला पोचत नाही."

कानसेन ताडकन उठला. दादांसारखा माणूस सांगतोय म्हणजे काहीतरी असणारच. "चला, फिरून येऊ," असं म्हणून तो शेजारच्या सीटवर बसला. दादांनी आपलं दार धाडकन लावलं, गाडी काढली आणि माईक त्याच्या हातात दिला. त्याने बटण दाबलं, थांबला, बोलला. पलीकडून उत्तर आलं, "कोण? काही कळत नाही. पुन्हा बोला."

त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. दादा लघवीला म्हणून उतरले, दार उघडंच राहिलं. त्याने पुन्हा बटण दाबलं. "आता खणखणीत!" कंट्रोल म्हणालं.

कानसेनने वाकून पाहिलं. टपावरच्या एरियलची केबल ड्रायव्हरच्या दाराच्या फटीतून आत घेतली होती. दार लावलं की बिजागरीपाशी ती चेपायची. वरचं आवरण सोलून आतली तार केबलमधल्याच धातूच्या जाळीला टेकत होती. कंट्रोलचा आवाज जोरकस, तो तरीही आत यायचा. गाडीचा आवाज मात्र तिथेच मरायचा. आणि त्याने दर वेळी दार सताड उघडून तपासलं होतं.

केबलचं कळलं होतंच, पण त्याहून वाईट दुसरंच होतं. दादांनी एकदा सांगितलं आणि तो गाडीत बसून निघाला. ताईंनी कितीदा सांगितलं, त्यांच्याबरोबर तो कोपऱ्यापर्यंतही गेला नव्हता.

"सापडलं का?" दादांनी विचारलं.

"किरकोळ आहे," तो म्हणाला. "करून देतो."

नवी केबल स्टोअरमधून घ्यायची होती. खिडकीत ताई होत्या.

"कुठल्या गाडीला?"

"अशीच... हाताशी असावी म्हणून," कानसेन म्हणाला. त्यांनी केबल मोजून कापली, गुंडाळी करून पुढे सरकवली. त्याच्याकडे पाहिलंही नाही.

केबल त्याने टपाच्या मधून नीट आत घेतली. कोणाला काही कळलं नाही असं त्याला वाटलं, कळायचं कारणही नव्हतं. घरी मात्र त्याचं जेवणात लक्ष लागेना. बायकोने दोनदा विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं. नक्कल केलेलीसुद्धा.

"तू हसवलंस सगळ्यांसमोर," ती शेवटी म्हणाली. "आता चूक काय तिच्या कानात सांगणार?"

पुढच्या बैठकीत तो उभा राहिला. केबल कुठे चेपत होती, आपण कसं तपासलं, हे त्याने सांगितलं. "ताई बरोबर बोलत होत्या. दोष माझ्या तपासण्यात होता. मी त्यांची नक्कल केली, चौकशीत त्यांच्यावर ढकललं. आणि नंतर केबल घेताना त्यांच्याशीच खोटं बोललो." या वेळी कोणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

बैठकीनंतर तो स्टोअरच्या खिडकीपाशी गेला. "ताई, माफ करा."

"केबल नेलीत तेव्हाच मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी दादांची गाडी स्पष्ट बोलायला लागली. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगता." मग किल्ल्या टेबलावर ठेवत म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याच्या मुलाला कोण सांगणार?"

कानसेनने सुपरवायझरकडून त्यांचा पत्ता मागून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी एकटाच गेला. मुलाने दारातच ऐकून घेतलं, आत बोलावलं नाही. म्हातारा आतल्या पलंगावरून विचारत होता, "कोण आलंय रे?"

ताई पुन्हा गाडीवर आल्या. सेटवर त्या कामाचं तेवढं बोलतात, समोर आल्यावर नुसती मान हलवतात. कानसेनला ते टोचतं. एकदा त्याने बायकोकडे तसं बोलून दाखवलं.

"माफी मागितलीस," ती म्हणाली, "म्हणजे तिने लगेच चहा पाजायलाच हवा का?"

हल्ली कोणी कानसेन म्हणून हाक मारली की तो ओ देतो, पण मान वर करत नाही.