ओल्या रंगाचा वास

वॉटफर्डच्या घरातली छोटी खोली आम्ही नातवासाठी रंगवून घेतली. मुलगी बाळाला घेऊन दारातच थांबली. "आई, वास जाईपर्यंत त्याला आत आणायचं नाही हं."

या वासाने मला मलावीतल्या एका डोंगराळ खेड्यात नेलं. तिथल्या नव्या प्रसूतिकक्षाच्या उद्घाटनाला इथले, इंग्लंडमधले, आम्ही काही डॉक्टर गेलो होतो. रिबन होती, तबकात कात्री होती आणि माझ्या गळ्यात हार होता. भिंती ताज्या रंगवलेल्या, चादरी ताणून घातलेल्या, आणि एकाही खाटेवर बाई नव्हती. बाळंतिणी बाहेर चटयांवर बसल्या होत्या. जूनचा महिना तिथे थंडीचा. वारा बोचत होता.

"या बाहेर का?" मी नर्सला विचारलं.

"तुमचं बघून झालं की आत घेऊ, डॉक्टर. चादरी चुरगळतात."

तिच्या टापटिपीचं मी कौतुक केलं. मग नवजात बाळाला ऊब कशी द्यावी, यावर त्या बाळंतिणींसमोर भाषण केलं. दुभाष्यामुळे ते दुप्पट लांबलं. शेवटी टाळ्या झाल्या. पुढे बसलेल्या एका कोवळ्या पोरीने तेवढ्या वाजवल्या नाहीत.

"तिला काही माझं भाषण आवडलेलं दिसत नाही," मी परतताना गाडीत म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

आज दारात उभ्या मुलीचे दोन्ही हात बाळाभोवती आहेत. त्या पोरीचेही तसेच होते, अंगावरच्या कापडाच्या आत. मी जे सांगत होते, तेच ती करत होती.