चीवर खोचून घासलेला गंज

अंगावर चीवर, डोक्याचा तुळतुळीत गोटा, आणि मी विहाराच्या मागच्या नळावर उकिडवी बसून वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घासत होते. कोणी धरून बसवलं नव्हतं. एक बाई "ऊठ" म्हणाली आणि मी उठले. एवढीच अक्कल होती मला. आणि वय काय, तर पन्नाशी ओलांडलेली.

नीट सांगते. अकोल्याच्या आमच्या विहारात बायकांचं श्रामणेरी शिबिर होतं. म्हणजे काही दिवसांपुरतं घरदार सोडायचं, केस काढायचे, चीवर घालायचं आणि भिक्खुणीच्या हाताखाली धम्म शिकायचा. मी मोठ्या हौसेनं नाव दिलं. डोकं भादरल्यावर नवरा बघायला आला. त्याला आधीपासूनच टक्कल. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "बरं झालं. घरात एक कंगवा लागत होता, तो बी वाचला."

पहाटे घंटा व्हायची. वंदना, मग ध्यान. ध्यानात मी घोरायची. शेजारची कोपरानं ढोसायची, मी डोळे न उघडता "साधू साधू" म्हणायची. मग झाडलोट, मग पालीचं पाठांतर. माझी जीभ वऱ्हाडी, पालीचे शब्द तिच्यावर टिकायचेच नाहीत. आणि बाराच्या आत जेवण. बारा वाजून गेले की दुसऱ्या दिवसापर्यंत घास नाही, फक्त पाणी.

जेवण कोणी ना कोणी दान करायचं. आम्ही भिंतीलगत ओळीनं आसनावर बसायचो. दान देणाऱ्यानं वाढायचं आणि वाढून झालं की प्रत्येकीपुढं गुडघे टेकून वंदन करायचं. आम्ही उलट हात जोडायचे नाहीत. आमच्या भिक्खुणी, त्यांना आम्ही आर्याजी म्हणायचो, मूळच्या तिवश्याकडच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वंदन तुमाले नाही, चीवराले हाये. तवा लाजाचं नाही, अन् फुगाचंही नाही."

त्या दिवशीचं दान बाईचं होतं. बाई म्हणजे मी जिच्या बंगल्यावर बरीच वर्षं भांडी घासली ती. साहेब मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. आपलेच लोक. परके असते तर मी ही गोष्ट सांगत बसले नसते. बाईचं माहेर तेल्हाऱ्याचं, पण जीभ पुण्याची. विहारात तिचं भाषण असायचं. तिच्या आज्याला गावात वरून ओंजळीत पाणी ओतायचे, ते ती सांगायची. सांगताना डोळे भरायचे तिचे. मागं बसून मीही रडायची.

आणि तिच्याच ओट्याच्या खिडकीत माझा स्टीलचा गिलास वेगळा ठेवलेला असायचा. घरातल्या भांड्यांत तो मिसळायचा नाही. मी त्यात चहा प्यायची, धुऊन खिडकीत पालथा घालायची आणि घरी येऊन सुनेला सांगायची, "बाई लई जपते मले. माह्यासाठी अलग गिलास ठेवला." घ्या. असलं माणूस धम्म शिकायला निघालं होतं.

तर बाई वाढत वाढत माझ्यापुढं आली. पोळ्या, आलुवांग्याची भाजी, वरण-भात. मग गुडघ्यावर बसली आणि कपाळ जमिनीला टेकवलं. माझ्या डोक्यावर केस नाहीत, नजर खाली, तिनं मला ओळखलंच नव्हतं. मी गप्प बसायचं की नाही? पण तिचे गुडघे कडकन वाजले. त्या गुडघ्यांना मीच तेल चोळायची. तोंडातून निघून गेलं, "असू द्या बाई, नका वाकू. गुडघे दुखतीन तुमचे."

बाईनं मान वर केली.

"तू?"

पदरानं कपाळ पुसलं. आधी कपाळ पुसलं, मग इकडंतिकडं बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना. मग हळू आवाजात म्हणाली, "कमाल आहे तुझी. ऊठ. भांड्यांचा माणूस आला नाही, मागे सगळं तसंच पडलंय."

मी उठले. भरलेलं ताट तसंच ठेवून. चीवर कमरेला खोचलं आणि गंज पुढ्यात ओढला. बाई मागून आली. "तळ नीट घास," म्हणाली. "हो बाई," मी म्हणाले. आणि काय घासला म्हणून सांगू, नवा दिसत होता. मनातून खूश होते मी. हात धुऊन परत आले तेव्हा बारा वाजून गेले होते आणि माझं ताट कोणीतरी उचलून नेलं होतं.

दुपारच्या पाठाला पोटात आग पडली. पालीचा एक शब्द डोक्यात शिरेना. आर्याजींनी विचारलं, "कावून जेवली नाही?"

"भांडे घासून राहिली होती."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"बाईच्या."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी सांगतलं असतं तर ते शिबिराचं काम झालं असतं. तिनं सांगतलं, ते कशाचं काम झालं?"

उपाशी बसून राहिले आणि बसल्या बसल्या त्याचं उत्तर आलं. भांडी घासण्यात कमीपणा नाही. जन्मभर घासलीत, अजूनही घासते. पण ती बाई चीवरापुढं वाकली, आणि आतलं माणूस ओळखू आल्याबरोबर तिनं कपाळ पुसलं. चीवर रिकामं असतं तर तिला चाललं असतं. आत मी नको होते. मग तो गिलास आठवला. बाई मला जपत नव्हती. बाई स्वतःला जपत होती, माझ्यापासून. एवढी साधी गोष्ट, आणि मी ती कौतुकानं सुनेला सांगत होते. त्या दुपारी मला बाईचा आला नाही एवढा माझा राग आला.

संध्याकाळी गावातले उपासक शील, म्हणजे पंचशील, घ्यायला यायचे. आधी त्यांनी हात जोडून शील मागायचं, मग आसनावरचीनं एकेक ओळ म्हणायची, ती त्यांनी मागून म्हणायची. आर्याजी मला म्हणाल्या, "आज शील तू देशीन."

बाई येणार हे ठरलेलं. सून पोटुशी, पोराला हाताला काम नाही. बाईच्या पगारात घरचा किराणा यायचा. आसनावर बसले तर ते काम जाणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. मी बसले.

बाई पुढच्याच रांगेत होती, पांढऱ्या साडीत. मला बघितलं आणि आर्याजींकडं वळली. "हिच्याकडून नको. उच्चार तरी येतात का हिला? तुम्ही द्या."

आर्याजींनी डोळे मिटून घेतले. लबाड म्हातारी.

मग बाई मला म्हणाली, "ऊठ गं."

तोच शब्द. खोटं कशाला सांगू, माझे पाय उठायला निघाले होते. वर्षानुवर्षांची सवय. मी दोन्ही हात आसनावर दाबले.

"नाही उठत, बाई."

मग मी सगळ्यांकडं बघून म्हणाले,

"ज्याले शील घ्याचं त्यानं बसा. भांडे घासाचे असतीन तर नळ मांगच्या बाजूनं हाये."

मागं कोणीतरी हसलं. बाईचा चेहरा उतरला नाही, कडक झाला. "शिबिर संपल्यावर माझ्याकडे यायचं नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "नाही येत." लोकांनी हात जोडले, शील मागितलं. मी पहिली ओळ म्हटली. बाई उभ्या उभ्याच निघून गेली.

पुढचे दिवस मी गोड करून सांगणार नाही. दुसऱ्यांच्या घरी भांडी घासली, बाळापूरच्या बाजूला कापूस वेचायला गेले, नात झाली तेव्हा सुनेला पाजायला दूध उसनं आणलं. पण ज्या घरात कप वेगळा दिसला, तिथं दुसऱ्या दिवशी पाय ठेवला नाही. मालक कोणत्या जातीचा, आपला की परका, हे विचारलं नाही. आज गावोगावी शील द्यायला मला बोलावतात. मोठी माणसं येतात, गाडीतून उतरतात, पुढची जागा शोधतात. मी आसनावरून हलत नाही. मला तिथून उठवायचं तर चौघांनी उचलावं लागेल, आणि मी आता जडही झाले आहे.

त्या संध्याकाळी हॉल रिकामा झाला तेव्हा मला वाटलं, आता आर्याजी पाठीवर हात ठेवतील. तशी तयारीही करून बसले होते मी, मान जराशी खाली घालून. त्या सतरंजी गुंडाळत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दोन जागी चुकली तू. तोंडात राग होता म्हणून चुकली. उद्या पायटी, घंटा व्हायच्या आधी, पाठ करून दाखव. संध्याकाळी परत तूच देशीन. ती बाई आली तर तिलेही द्याचं. पण उठाचं नाही."