भिंतीतली ठकठक

"राव, भिंतीत ठकठक होतेय म्हणे. पाइप आवळ आणि फोटो ग्रुपवर टाक," एमडी सर फोनवर म्हणाले.

पापनाशम रोडवर शेतं होती तिथे आमच्या कंपनीने रो-हाउसेस बांधली. मेंटेनन्स माझ्याकडे. नळ एकदम बंद केला की पाण्याच्या धक्क्याने पाइप भिंतीवर आपटतो. त्याला वॉटर हॅमर म्हणतात. किरकोळ काम.

तक्रार बँकेतल्या सेल्वी मॅडमची. दार उघडताच तमिळमध्ये सुरू झाल्या, "कालपासून डोकं उठलंय, सार! थांबतं, परत सुरू होतं."

मी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, नळ सोडून लाइन रिकामी केली. तरी ठक, ठक, ठक. पाणीच नाही तर पाइप आपटेल कसा?

"पलीकडे कोण राहतं?"

"अंबुजाबाई. तुमच्यातल्याच, मराठी. एकट्या असतात. बऱ्या असतील, दारात कोलम आहे की!"

कोलम म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी. जुन्या शहरात, मराठ्यांच्या राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीत सकाळी एखाद्या दारात ती दिसली नाही, तर शेजारीण कामं टाकून हाक मारते. घरात मयत किंवा दुखणं असणारच. इथे टाइल्स खराब होतात म्हणून असोसिएशनने दारोदार कोलमचे स्टिकर चिकटवले होते. घरातलं माणूस मेलं तरी स्टिकर जागचा हलत नाही.

बेल वाजवली. उत्तर नाही. मागे धावलो, बाथरूमच्या व्हेंटिलेटरच्या काचा सरकवून काढल्या. अंबुजाबाई फरशीवर, दाराला पाठ लागलेली. हातातल्या पाण्याच्या मगाने भिंतीवर ठोकत होत्या. दार आत उघडणारं, त्यामुळे त्यांच्याच वजनाने अडकलेलं.

"आलास का रे बाबा," एवढंच त्या मराठीत म्हणाल्या. मी कसाबसा आत उतरलो, अँब्युलन्स बोलावली.

मांडीचं हाड मोडलं होतं, पण जीव वाचला. दुसऱ्या दिवशी मी आणि सेल्वी मॅडम भेटायला गेलो. अंबुजाबाईंनी त्यांचा हात धरला.

"तूच होतीस ना पलीकडे? मी ठोकलं की तूही भिंतीवर ठोकायचीस. म्हटलं, हिला कळलंय, आता कोणीतरी येईल. त्याच धीरावर राहिले, अम्मा."

सेल्वी मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर आल्यावर त्या जिन्यातच बसल्या. "आवाज बंद व्हावा म्हणून रागाने बुक्के मारत होते मी, सार," म्हणाल्या आणि रडू लागल्या.

स्टिकर त्यांनीच पुढाकार घेऊन काढायला लावले. आता टाइल्सवर पिठाचे डाग पडतात आणि एमडी सर कुरकुरतात. मी मात्र भिंतीतल्या आवाजाची तक्रार आली की आधी एकच विचारतो, शेजारच्यांना शेवटचं कधी पाहिलंत? बहुतेकांना आठवावं लागतं.