कोटातला लांडगा

आळंदच्या बाजारात पाट्या रंगवणारा तो माणूस सगळ्यांना ‘अप्पा’ म्हणायचा, चित्रातल्या जनावरांनासुद्धा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं मुलांच्या गोष्टींचं एक इंग्रजी पुस्तक त्याच्याकडं होतं. त्यातला कोट घातलेला लांडगा तो आमच्या शाळेच्या भिंतीवर काढत होता. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन नुकतीच झाली होती. समोरचं तुर्की टोपी घालणाऱ्या चाचांचं दुकान तेव्हापासून बंद होतं.

“लांडग्याला तुर्की टोपी घाल की,” बघायला जमलेल्यांतलं कुणीतरी म्हणालं. चौघं हसले.

“न्हाई घालत, अप्पा.”

“कामून? कोट चालतोय की!”

मग चुन्याचा कुंचला उचलून त्यानं कोटही पुसला, आणि संध्याकाळपर्यंत तिथं केस न् केस रंगवला.

“आता निस्ता लांडगाच दिसायलाय,” तो म्हणाला. “हसा की, अप्पा.”