विश्वासाचे पाच गोल

पेन्सिलीने काढलेला गोल खोडला, तरी त्याची पुसट खूण कागदावर उरते. परवाच्या रविवारी ती पाहून मला चक्क घाम फुटला.

मुलीने आम्हा नवराबायकोला तिच्या खेळात ओढलं होतं. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि ती सांगेल त्या जंगलात तोंडानेच, म्हणजे नुसतं बोलून, हिंडायचं. मी चोर झालो, बायको वैद्यीण. दोघांमध्ये कागदावर काढलेले विश्वासाचे पाच गोल. थाप पकडली गेली की समोरच्याने एक खोडायचा. सगळे संपले, की संकटात तो तुमच्या मदतीला येऊ शकत नाही.

चोराने थापा मारायच्या नाहीत, तर काय कीर्तन करायचं? अर्ध्या तासात पाच मारल्या आणि पाचही पकडल्या गेल्या. मग दलदलीत छातीपर्यंत रुतलो आणि ऐटीत म्हणालो, "वैद्यीणबाई, हात द्या!"

बायकोने कागद पाहिला. "नाही हो येता येत. एकही उरला नाही."

"अगं, खेळ आहे!"

"खेळात नियम असतो, बाबा," मुलगी म्हणाली. "एरवी आई येतेच की."

येतेच. पण संसाराच्या तीस वर्षांत तिने मनातल्या मनात किती खोडले असतील? मी कागद जवळ ओढला; पाचही गोलांच्या पुसट खुणा तशाच दिसत होत्या.

बायकोने रबराचा चुरा फुंकला आणि सहज विचारलं, "सकाळची गोळी घेतलीत ना?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "विसरलो."

ती पाणी आणायला उठली. तेवढ्यात मी खोडरबर हळूच खिशात टाकलं.